शनवारची ड्यूटी

आपल्या समाजाच्या अंकांतून थोर माणसांची चरित्रे वाचायला मिळतात. शाळा काढणारे हाईम सामुएल केहिमकर, मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस यांच्याविषयी वाचताना ऊर भरून येतो. आमचे बाबा असे कोणी नव्हते. ते रेल्वेत होते. १९४८ साली जी. आय. पी. मध्ये खलाशी म्हणून लागले, आणि १९८६ साली मध्य रेल्वेतून ट्रेन एक्झॅमिनर म्हणून निवृत्त झाले. ३८ वर्षांत वर्तमानपत्रात त्यांचे नाव एकदाही छापून आले नाही. पण वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी घरांत असाच एखादा बाबा, काका किंवा मामा होऊन गेला असेल. रेल्वे, पोस्ट, कस्टम, पलटण आणि इस्पितळे यांच्यावरच आपल्या दोन-तीन पिढ्या जगल्या. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

लिहायला बसलो आहोत ते हॉलंडच्या पूर्व टोकाला, एनस्खेडे या गावी. जर्मनीची हद्द येथून सायकलीच्या अंतरावर आहे. १९७१ पासून येथे हवाई सर्वेक्षण शिकवणारी मोठी संस्था आहे. आमच्या यजमानांना तिच्यात काम मिळाले आणि १९८४ साली आम्ही येथे आलो. मुंबईत नर्सिंगचे शिक्षण झालेले होते. येथली भाषा शिकलो, परीक्षा दिल्या आणि इस्पितळात लागलो, ते निवृत्तीपर्यंत तेथेच राहिलो. आमची तिन्ही भावंडे मात्र इस्राएलला गेली. आईबाबाही पुढे त्यांच्याकडे अश्दोदला राहायला गेले.

आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत, हे आपल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. तेलाचा घाणा चालवायचा, पण शब्बाथच्या दिवशी बैल जुंपायचे नाहीत. आमच्या पणजोबांचा घाणा रोह्याकडे होता. तो आजोबांनी मोडला आणि ते मुंबईला आले. आजोबांचे बोट धरून बाबा रेल्वेत गेले आणि त्यांना पहिले काम मिळाले ते तेलाचेच! त्या काळी डब्यांच्या आसांना आजच्यासारखी रोलर बेअरिंगे सरसकट नव्हती. चाकाच्या बाहेर लोखंडी पेटी असे, तिच्यात तेलात भिजवलेल्या धाग्यांचा गुंता भरलेला असे, आणि तेल आटले की आस तापून लाल होई. हातात तेलाचे भांडे घेऊन एकेका पेटीचे झाकण उघडायचे आणि तेल घालत पुढे जायचे. बाबा स्वतःच हसत सांगत, "आपल्या वाडवडिलांनी शनवारी तेल गाळलं नाही. मी शनवारीच जास्त ओततो."

हसत सांगत खरे, पण त्यात पुष्कळ काही दडलेले होते. रेल्वेला शनवार नसतो. आठवड्याची रजा फिरती असे. यार्डात एक मुसलमान फिटर होते, त्यांना शुक्रवारी दुपारी नमाज हवा असे. एक ख्रिस्ती गृहस्थ होते, त्यांना रविवारची सकाळ हवी. तिघे आपसांत पाळ्यांची अदलाबदल करीत. त्यातून बाबांना महिन्याकाठी एखादा शनवार मिळे. एरवी शुक्रवारी संध्याकाळी आई दिवा लावी, मनुकांच्या शरबतावर किद्दुश आमचा मोठा भाऊच म्हणे, आणि बाबांच्या वाटचा पेला झाकून ठेवलेला असे.

आमचे लहानपण इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. दाराच्या चौकटीला मेजुजा होता. बदली झाली की आई सर्वांत आधी तो काढून पदरात बांधी आणि मग भांडी आवरायला घेई. इगतपुरीत आपली घरे थोडी, त्यामुळे सणासुदीला ठाण्याचे सिनेगॉग गाठावे लागे. तेथे आत्याकडे उतरायचे. रेल्वेचा पास होता, म्हणून तेवढी चैन परवडे.

बाबांचे काम काय होते, हे आम्हांला कळायला वेळ लागला. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत थळ घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. १८६५ पासून गाड्या या घाटातून जात आहेत. चढताना मागून इंजिने लावून ढकलावे लागते, पण खरी भीती असते ती उतरताना. म्हणून मुंबईकडे उतरणारी गाडी इगतपुरीला थांबवून तिचे ब्रेक तपासत. बाबा लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या कडेने चालत. एकेका चाकावर हलकेच ठोका मारत. चाक धड असले तर घंटेसारखे वाजते. चीर गेलेली असली तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. आसाची पेटी तापली आहे का, ते उलट्या हाताने पाहत. पुढे आम्ही रोग्यांच्या कपाळाला उलटा हात लावू लागलो, तेव्हा बाबांची आठवण येई.

डबा नादुरुस्त निघाला तर त्यावर खडूने खूण करीत. अशा डब्याला रेल्वेत 'सिक' म्हणतात, म्हणजे आजारी. त्याला काढून दुरुस्तीच्या रुळावर नेतात, त्या रुळाचे नाव 'सिक लाइन'. सगळे ठीक असले तर 'फिट' म्हणून कागदावर सही करायची. ती सही झाल्याशिवाय गाडी हलत नसे. स्टेशनमास्तर कितीही मोठा असो, आणि गाडी कितीही उशिरा धावत असो. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडू असे, आणि धुण्याच्या दिवशी आईची कुरकुर ठरलेली असे.

आता आमच्या मनात पुष्कळ वर्षे सलत राहिलेली एक गोष्ट सांगतो.

आम्ही तेव्हा पाचवीत होतो. दारफळणीचा सण आला. त्या वर्षी बाबांनी महिनाभर आधीपासून पाळ्या जुळवून रजा मिळवली होती. दुपारची पाळी आटोपून ते थेट फलाटावर येणार आणि आम्ही सगळे मिळून सूर्यास्तापूर्वी ठाण्याला पोचणार, असे ठरले होते. आईने सगळ्यांना पांढरे कपडे शिवले होते. आम्ही फलाटावर उभे राहिलो. गाडी आली. बाबा आले नाहीत. एक खलाशी धावत आला आणि आईला म्हणाला, "बाई, तुम्ही पुढं व्हा असं सांगितलंय." आई काही बोलली नाही. तिने आम्हांला गाडीत चढवले.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला नेइलाच्या वेळी सगळ्या मुलांचे बाप त्यांना तल्लेथखाली घेऊन उभे होते. आमचा धाकटा भाऊ आत्याच्या यजमानांच्या तल्लेथखाली उभा राहिला. वरून बायकांच्या सज्जातून ते पाहताना आम्हांला इतका राग आला की उपासाचे भानही राहिले नाही. शिळ्या सणाच्या पुऱ्या घेऊन परत आलो, तर बाबा क्वार्टरच्या पायरीवर बसलेले. त्यांनीही एकट्याने उपास धरला होता, यार्डात पाण्याचा थेंब न घेता. आम्ही विचारले, "का नाही आलात?" ते म्हणाले, "ड्यूटी होती." एवढेच. दोन दिवस आम्ही त्यांच्याशी बोललो नाही. ड्यूटी हा शब्द त्या दिवसापासून आमचा नावडता झाला.

मे १९७४ मध्ये देशभर रेल्वेचा संप झाला. २० दिवस यार्ड ओस पडले. क्वार्टर खाली करावे लागेल या भीतीने आईने ट्रंका भरून ठेवल्या होत्या. बाबा रोज संध्याकाळी पुलावर जाऊन थांबलेल्या डब्यांकडे पाहत उभे राहत. "इतकी चाकं एकदम गप्प झालेली मी कधी पाहिली नव्हती," असे ते म्हणाले होते. तेव्हा त्या वाक्याकडे आमचे लक्ष गेले नाही.

१९९१ च्या उन्हाळ्यात आईबाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे एनस्खेडेला आले. बाबांना गाव आवडले. कापडाच्या गिरण्यांचे हे जुने गाव, त्यातल्या बहुतेक गिरण्या तोवर बंद झालेल्या. बाबांना त्यात परळ-लालबाग दिसे. पण त्यांचे खरे ठिकाण म्हणजे स्टेशन. रोज सकाळी चालत जात आणि बाकावर बसून पिवळ्या गाड्या पाहत. इतर लोक उतरणाऱ्या माणसांकडे पाहतात, बाबा चाकांकडे पाहत. घरी येऊन सांगत, "मिनिटाचा फरक नाही. चाकं अशी की ठोका मारायला नको." पलीकडे जर्मनीत ग्रोनाउला जाणारा मार्ग १९८१ पासून बंद होता. त्याच्या रुळांत गवत वाढलेले पाहून मात्र त्यांना वाईट वाटे.

एका रविवारी त्यांना येथले सिनेगॉग दाखवायला नेले. १९२८ साली बांधलेली ही वास्तू देशातल्या सुंदर सिनेगॉगांपैकी एक मानतात. घुमट, आतली मोझेकची कारागिरी, रंगीत काचा पाहून बाबा दिपून गेले. मग त्यांनी विचारले, "एवढं मोठं बांधलं, म्हणजे माणसं पुष्कळ असतील?" तेथल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्यांना बसवून सगळे सांगितले. आम्ही मराठीत करून सांगत होतो.

सप्टेंबर १९४१ मध्ये या भागातून शंभरावर ज्यू पुरुष धरून माउथहाउजेनच्या छावणीत नेले, त्यांतला एकही परतला नाही. पुढच्या वर्षापासून देशभरच्या ज्यूंना वेस्टरबोर्कच्या छावणीत आणून तेथून आगगाड्यांनी पूर्वेकडे धाडू लागले. बहुधा दर मंगळवारी गाडी सुटे. नेदरलँड्समधले एक लाखाहून अधिक ज्यू मारले गेले. चारांतला जेमतेम एक वाचला. एनस्खेडेत वाचलेल्यांचे प्रमाण पुष्कळ जास्त होते. येथल्या ज्यू पुढाऱ्यांनी लोकांना हुकूम मानू नका, लपा, असे सांगितले, आणि लेंडर्ट ओव्हरडाउन या ख्रिस्ती पाद्र्यांनी आपल्या बहिणींच्या मदतीने शेकडो माणसांना घरोघरी लपवले.

बाबांनी शांतपणे ऐकले. एकच प्रश्न विचारला, "वेस्टरबोर्कपर्यंतच्या गाड्या कुणाच्या होत्या? जर्मनांच्या?"

"नाही," ते गृहस्थ म्हणाले. "आमच्याच रेल्वेच्या. भाड्याचं बिलही लावलं होतं."

त्यानंतर बाबा चार-पाच दिवस स्टेशनावर गेले नाहीत. आई म्हणाली, थंडी बाधली असेल. एका रात्री जेवणे झाल्यावर ते आपण होऊन बोलू लागले.

"त्या गाड्या कुणीतरी तपासल्या असणार," ते म्हणाले. "तपासल्याशिवाय गाडी सुटत नाही, कुठल्याच देशात. माझ्यासारखा एखादा हातोडा घेऊन कडेनं चालला असेल. चाकाचा आवाज ऐकायला कान लावावा लागतो. मग आतला आवाज ऐकू आला नसेल का? आणि तरी फिट म्हणून सही केली."

आम्ही म्हणालो, "बाबा, बंदुकांचं राज्य होतं."

"ते मला कळतं. माझ्या पाठीला बंदूक लावली असती तर मी काय केलं असतं, ठाऊक नाही. आपल्याला भारतात ज्यू म्हणून कुणी बोटही लावलं नाही. घरात बसून दुसऱ्याचा न्याय करू नये. पण रेल्वेवाल्यांनी ठरवलं तर चाक थांबतं, हे मी चौऱ्याहत्तर साली डोळ्यांनी पाहिलंय."

आमच्या यजमानांनी सांगितले की येथल्या रेल्वेवाल्यांनीही संप केला होता. लंडनमध्ये असलेल्या डच सरकारने सांगितल्यावरून १७ सप्टेंबर १९४४ रोजी सुमारे ३०,००० कामगारांनी काम सोडले, दोस्तांच्या सैन्याला मदत व्हावी म्हणून. मात्र वेस्टरबोर्कची शेवटची मोठी गाडी त्याच महिन्यात, संपापूर्वीच, निघून गेली होती.

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "तू पाचवीत असताना दारफळणीला मी आलो नव्हतो, आठवतं?"

आठवत नसायला काय झाले!

"माझी पाळी संपली होती. बदलीला नवा पोरगा आला होता. शेवटची मालगाडी तपासताना एका डब्याचं चाक बद्द वाजलं. लोक म्हणाले, घाट तेवढा उतरू द्या, कल्याणला काढतील. वरकरणी चाकाला काही दिसत नव्हतं. मी खडूनं सिक लिहिलं आणि निघालो. अर्ध्या वाटेवर वाटलं, माझी पाठ वळली की त्या पोराला चारजण समजावतील, तो सही करील. त्याचा दोष नाही, नवा होता. म्हणून परत फिरलो. डबा कापून सिक लाइनला जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो. तेवढ्यात तुमची गाडी गेली."

"मालगाडीच होती ना, बाबा?" आम्ही विचारले.

"ब्रेकव्हॅनमध्ये गार्ड होता. त्याला चार पोरं होती, तुमच्याएवढी." थोडे थांबून ते म्हणाले, "देवाचा एक दिवस माझ्या हातून गेला, ते खरंच आहे. त्याची मी दर वर्षी क्षमा मागतो. पण तू विचारलंस तेव्हा सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मोठेपणा वाटला असता. कामच होतं ते माझं."

वाचकहो, तोवर आम्हीही दहा-बारा वर्षे शनवारी इस्पितळात काम करीत होतो. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा लागला तर तो मोडावा, ही आपल्या धर्माची शिकवण आम्ही स्वतःला सांगत असू. नर्सला ती लागू, डॉक्टरला लागू. चाकावर ठोके मारणाऱ्या आपल्या बापालाही ती लागू आहे, हे मात्र कधी मनातच आले नव्हते. आम्ही ते त्या रात्री त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून पुन्हा स्टेशनावर गेले.

१३ मे २००० या दिवशी एनस्खेडेत फटाक्यांच्या गोदामाचा स्फोट झाला. रोमबेक ही वस्तीच्या वस्ती उद्ध्वस्त झाली. २३ माणसे गेली, त्यांत आग विझवायला गेलेले ४ जवान होते. जखमी नऊशेच्या वर. तो शनवार होता. दुपारी धक्क्याने खिडक्या हादरल्या आणि आम्ही बोलावण्याची वाट न पाहता इस्पितळात गेलो. रात्री उशिरा घरी परतलो तेव्हा फोन वाजत होता. निवृत्तीनंतर बाबा शब्बाथ कडक पाळत, म्हणून आकाशात तीन तारे दिसल्यावर त्यांनी अश्दोदहून फोन लावायला सुरुवात केली होती.

"ड्यूटीवर होतीस?"

"होते."

"बरं केलंस. काही खाल्लंस का?"

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००१ मध्ये, ग्रोनाउची गाडी पुन्हा सुरू झाली. आम्ही मुद्दाम पहिल्याच आठवड्यात तिने जाऊन आलो आणि बाबांना फोन केला. गवत काढले का, डबे कोणते, ब्रेक कसे लागतात, असे सगळे त्यांनी विचारले. २००३ च्या हिवाळ्यात ते गेले. वय ७५. अश्दोदला कद्दिश म्हणायला दोन्ही मुलगे होते.

२००५ साली येथल्या रेल्वेने युद्धकाळातल्या त्या गाड्यांबद्दल जाहीर माफी मागितली. पुढे सालो मुलर या गृहस्थांनी चिकाटीने लढा दिला. त्यांचे आईवडील त्या गाड्यांनी गेले होते. अखेर २०१९ साली, हयात असलेल्यांना आणि मृतांच्या विधवा व मुलांना रेल्वेने नुकसानभरपाई देण्याचे ठरले. बातमी वाचताना वाटले, बाबा असते तर पैशांविषयी त्यांनी काही विचारले नसते. तपासणाऱ्याचे नाव कुठे सापडले का, एवढेच विचारले असते.

यंदा त्यांच्या पुण्यतिथीला घरी दिवा लावला, मलिदा केला. नारळ येथे मिळतो, पोहे मिळतात. नातवंडांना मराठी कळते, पण वाचता येत नाही. धाकट्या नातवाने विचारले, "पणजोबा कोण होते?" इंजिन चालवत होते का, असे त्याला म्हणायचे होते. आम्ही सांगितले की नाही, गाडी जाऊ द्यायची की नाही ते ठरवत होते. त्याला ते इंजिन चालवण्यापेक्षा मोठे वाटले. आम्हांलाही तसेच वाटते.

आपल्या घरातही रेल्वेतली, पोस्टातली, पलटणीतली अशी माणसे होऊन गेली असतील. शनवारी घरी नव्हती, म्हणून त्यांच्यावर कोणी रुसलेही असेल. जी अजून हयात आहेत, त्यांना एकदा विचारून पाहा, त्या दिवशी काय झाले होते. ती आपण होऊन सांगणार नाहीत.